कणकेत कापूस

शिवाजी पेठ, कोल्हापूर
२७ जानेवारी

अनुजा,

पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असशील. फाडू नकोस. आधी वाच, मग फाड.

फोन करायचा न्हाई अशी शपथ तुझ्या नवऱ्यानं तुला घातलीय, तीच माझ्या नवऱ्यानं मला. तू आमचा उंबरा ओलांडायचा न्हाई, मी तुमचा. दोघं सख्खे भाऊ फुटबॉलपायी एकमेकांचं तोंड बघत न्हाईत, त्यात आपण जावाजावांनी का म्हणून मुकं व्हायचं ते मला अजून कळलेलं न्हाई. पण शपथ ती शपथ. परवा आमच्या गिरणीत कुणाचंतरी दळण टाकता टाकता ध्यानात आलं, पत्राचं तर कोणच काय बोललं न्हवतं. दोघांनाबी सुचलं न्हाई. आजकाल पत्र कोण लिहितंय, म्हणून बिनघोर राहिले असतील. तर हे पत्र.

बातमी अशी की आमच्या भिशीच्या बायका दरसाल नृसिंहवाडीला जातात, ते यंदा रद्द. यंदा मासे धरायला जायचं ठरलंय. हसू नकोस. समोरच्या बोळातली चिमणाबाई म्हणाली, दरसाल आपलीच तोंडं बघून दत्तमहाराजांनाबी कंटाळा आला असंल. सत्तरी उलटली तिची, पण डोकं लई चालतं. मोना म्हणून एक पोरगी भिशीत नवी आलीय, बँकेत असते. तिनं लगेच मोबाईल काढून ‘सहल’ म्हणून ग्रुपच केला.

खरं सांगू का, हे खूळ माझ्यामुळं शिरलं त्यांच्या डोक्यात. मी तुझी गोष्ट सांगत बसलेली. तू लग्न होऊन आलीस, मी तुझी ट्रंक लावायला घेतली, तर शालूच्या खाली मासे धरायच्या तंगूसाच्या दोऱ्याचं रीळ आणि गळांची डबी. मी म्हटलं, भावजींनी ही कसली बायको आणली. तू म्हणालीस, “अक्का, माझ्या बाबांनी दिलंय, दागिन्यात धरा.” शिरोळकडची नदीकाठची पोरगी तू, तुला त्यात वावगं काय वाटलंच न्हाई. मग दर रविवारी सकाळी हे दोघं भाऊ मैदानावर आणि आपण दोघी घाटावर. तू पदर खोचून पाण्याकडं बघत बसायचीस, मी शेजारी डबी धरून. माझं निम्मं ध्यान बोलण्यात असायचं म्हणा.

तो महागाची काठी घेऊन आलेला पाव्हणा आठवतोय? अख्खी सकाळ त्याच्या गळाला शेवाळ सोडून काय लागलं न्हाई. शेवटी टोपी काढून तुझ्याकडं कणकेची गोळी मागायला आला. तू त्याला गोळी दिलीस, वर बसायला जागाबी दिलीस. असलं मोठं मन मला न्हाई. मी त्याला मासेबाजाराची वाट दाखवली असती. बायकांना हे सांगितलं तर सगळ्या म्हणाल्या, आपणबी जायचं.

बेत असा. रंकाळ्यावर जायचं, संध्याकाळी, म्हणजे नंतर भेळ खाता येईल. मोनानं घरपोच गळ मागवलेत, चांगले बोटाएवढे हायत. गळाला लावायला गिरणीतलं ज्वारीचं पीठ मी मळून न्हेणार.

तुला विचारत न्हाई, नुसतं कळवतेय.

तुझी,
संयोगिता


८ फेब्रुवारी

अनुजा,

तुझं कार्ड पोचलं. ना मायना, ना खुशाली, ना सही. नुसतं:

“रंकाळा नको. गर्दी असते. नदीवर जा, घाटाच्या वरच्या अंगाला, ऊन चढायच्या आत. गळ बोटाएवढा नको, नखाएवढा घ्या. ज्वारी पाण्यात सुटते. गव्हाची कणीक.”

मी गिरणीत उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग चिमणाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाई रागात हाय पण खोटं सांगत न्हाई. तेच तर मला तुझं आवडतं. रुसलेलं माणूस समोरच्याला खड्ड्यात पडू देतं आणि लांबनं बघतं. तुला ते जमत न्हाई. चुकलेलं दिसलं की तुझा हात आपोआप पुढं येतो. आणि एवढ्या रागातबी मला ‘घ्या’ म्हणालीस.

तर रंकाळा रद्द. भेळीसाठी दोघीजणी माझ्यावर नाराज हायत, त्यांची समजूत मोना घालंल. नदी पक्की.

आता दिवस. मोनानं कॅलेंडर उघडलं, कुणाचा उपास, कुणाची संकष्टी, कुणाच्या घरी पाव्हणे, कायबी जुळेना. मग मीच म्हटलं, पंधरा मार्चचा रविवार. त्या दिवशी आपल्या तालमीच्या आणि समोरच्या तालमीच्या फुटबॉल संघांची म्याच हाय. पेठेतला एकबी बाप्या त्या दिवशी घरात राहत न्हाई. सकाळपासनं झेंडे, गाड्या, शिट्ट्या, आणि दुपारी सगळे स्टेडियमवर. चहा कुठाय, टॉवेल कुठाय, कोण विचारणार न्हाई. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

तुझ्याबी ध्यानात आलं असंल. समोरच्या तालमीचा कोच त्या दिवशी इचलकरंजीतनं कोल्हापूरला येणार. तो तुझाच नवरा. मी काय म्हणत न्हाई. नुसतं म्याच कधी हाय ते लिहिलं.

नवलच वाटतं मला ह्या दोघांचं. राजवीर भावजी आपल्या तालमीचे गोलकीपर होते तवा आमचे हे गोलच्या मागं उभे राहून घसा बसंस्तोवर ओरडायचे. गुडघा गेला, खेळणं थांबलं, समोरच्यांनी कोच व्हा म्हणून बोलावलं, भावजी गेले. पोटासाठी गेले न्हाईत, लूमवरची नोकरी हाय की. त्यांना मैदान पाहिजे होतं, एवढंच. पण आमच्या ह्यांना ते पाठीत सुरा खुपसल्यागत झालं. “ह्या घरात त्यांचा झेंडा चालणार न्हाई,” म्हणाले. भावजींनी झेंडा आणलाच न्हवता, नुसती शिट्टी गळ्यात होती. त्याच आठवड्यात तुम्ही सामान हलवलं. पेठेच्या बाहेर हे कुणाला सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार न्हाई.

असो. बाकीचा बेत असा. आम्ही सगळ्या घाटाच्या पायरीवर ओळीनं बसणार, फोटो चांगला येतो. मोना गाणी लावायला डबा आणणार हाय. कणीक चपातीला मळतो तशीच मळायची, थोडं तेल लावून.

कळवलं.

संयोगिता


२१ फेब्रुवारी

अनुजा,

सोमवारी पुडकं आलं. पोस्टमन गिरणीत आला तवा मी आत चाळण साफ करत होते, आमच्या ह्यांनी घेतलं. वर इचलकरंजीचा शिक्का, तुझं अक्षर. मी बाहेर आले तर हे पुडकं हातात धरून उभे. मला वाटलं, आता तांडव. पण न्हाई. माझ्या हातात दिलं आणि पट्टा ढिला झालाय का बघायला लागले. पट्टा आदल्याच दिवशी घट्ट केलता.

उघडलं तर आत मूठभर कापूस, लूमवरचा, पांढराशुभ्र. आणि कार्ड:

“कणकेत हा कापूस पिंजून मिसळा, मग गोळी गळावर टिकते. तेल नको, शेंगपेंड घाला, वास सुटतो. ओळीत बसू नका, सावली पाण्यावर पडते. गाणी लावली तर घरीच बसा.”

शेवटच्या ओळीवर चिमणाबाई एवढं हसली की तिचं दळण सांडलं. मोना जरा फुगली, मग म्हणाली, ह्या बाईंना एकदा बघायचंय.

तुझी सगळी वाक्यं मी गिरणीच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलीत. दळायला येणारी माणसं वाचतात. एकजण म्हणाला, कोण हो हे एवढं जाणकार? मी म्हटलं, आमची धाकटी जाऊ. असं म्हणताना माझी मान आपोआप वर झाली.

रात्री जेवताना हे ताटाकडं बघत म्हणाले, “त्याच्या गुडघ्याचं काय झालं म्हणे?” मला विचारलं की आमटीला विचारलं कळलं न्हाई. मी म्हटलं, मला काय माहीत, फोन करायची तर बंदी हाय. हे भाकरी अर्धी ठेवून उठले.

आता एक खरी अडचण. बुधवारी गिरणी बंद ठेवून मी आणि चिमणाबाई सराव करायला नदीवर जाऊन आलो, वरच्या अंगाला, तू म्हणालीस तिथंच. नखाएवढे गळ, कणीक, पेंड, तुझा कापूस, सगळं तू सांगितलंस तसं. लांब लांब बसलो, तोंडं बंद. दोऱ्याला बांधलेला ज्वारीच्या धाटाचा तुकडा पाण्यावर तरंगत होता. हलला, मी ओढलं, गळ मोकळा. पुन्हा हलला, जरा थांबून ओढलं, गळ मोकळा आणि कणीकबी गेली. पुन्हा तेच. ऊन चढलं तरी मासे माझं खाऊन जातायत आणि मी आपली ओढतेय. चिमणाबाई म्हणाली, संयोगिता, तू त्यांना जेवायला घालायला आलीयस.

तू कशी ओळखायचीस गं? मी इतकी वर्षं शेजारी बसले, पण कधी ओढायचं हे काय मला दिसलंच न्हाई. तुकडा हलायचा, तू गप. परत हलायचा, तू गप. आणि मग मला काहीच वेगळं दिसलेलं नसताना तुझा हात वर जायचा आणि मासा बाहेर.

कधी ओढायचं, तेवढं लिही.

संयोगिता


४ मार्च

अनुजा,

कार्ड आलं. एकच ओळ.

“ते लिहून सांगता येत नाही.”

मग ये.

शपथेचं मी बघितलंय. फोन करायचा न्हाई, करू नकोस. आमचा उंबरा ओलांडायचा न्हाई, ओलांडू नकोस. घाटाला उंबरा न्हाई. नदी आमच्या तालमीची न्हाई आणि समोरच्याचीबी न्हाई. भावजी पंधराला गाडीवरनं येणारच हायत, मागची जागा रिकामी असणार. सकाळी तुला घाटाशी सोडायचं आणि आपल्या पोरांकडं जायचं, संध्याकाळी म्याच झाली की न्यायचं. एवढ्यात कुणाची शपथ मोडत असंल तर मला दाखव.

आता मी साधं बोलते, कारण ओढण्याचं काय आणि कापसाचं काय, माझं खरं काम ते न्हाईच. मला तू पाहिजेस. गिरणीत दिवसभर माणसं येतात, सगळ्यांशी मी बोलते, आणि घरी गेल्यावर सांगायला कोण न्हाई. ह्यांना सांगितलं तर ‘हं’ म्हणतात. तू असायचीस तवा आपण भांडी घासता घासता अख्ख्या पेठेचा हिशोब लावायचो. तुझ्यासारखं ऐकणारं माणूस मला माहेरीबी मिळालं न्हवतं. माझ्यापेक्षा एवढी लहान तू, पण घरात काय बिनसलं की मी तुझ्याच तोंडाकडं बघायचे.

तुला भावजींचं मन मोडायचं न्हाई, ते मला कळतं. तू त्यांच्या बाजूनं उभी राहिलीस, राहायलाच पाहिजे होतंस. एका शब्दानं कुणाला उणं न बोलता सामान बांधलंस, जाताना देवघरात दिवा लावून गेलीस. मला ते जमलं नसतं. मी दारात उभी राहून पेठ गोळा केली असती.

पण आलीच न्हाईस, तर मी समजेन की तुला खरंच संबंध नको. मग मी परत लिहिणार न्हाई. गळ, रीळ, सगळं चिमणाबाईला देऊन टाकीन, आणि भिशी पुढच्या साली गपगुमान वाडीला जाईल.

ह्याला उत्तर पाठवू नकोस. नुसती ये.

संयोगिता


१८ मार्च

अनुजा,

तू तिथं होतीस, तरी लिहितेय. कारण तू पाण्याकडं बघत होतीस आणि मी तुझ्याकडं.

सकाळी भावजींची गाडी पुलाकडनं येताना दिसली तवा मला पहिल्यांदा मागं कोण दिसलंच न्हाई. मग गाडी वळली आणि तुझा पदर दिसला. मी तोंड फिरवून डबी शोधायला लागले, डबी हातातच होती.

तू उतरलीस, माझ्या पाया पडलीस, आणि उठता उठता म्हणालीस, “ह्या दोघी एवढ्या जवळ का बसल्यात?” सगळ्या बायका पोरींगत उठून लांब लांब जाऊन बसल्या. तुला माहीत न्हाई, त्या माझं कधीच ऐकत न्हाईत. मोना तर सकाळभर तुझ्या मागं मागं. तिनं गाण्याचा डबा पिशवीतनं बाहेर काढलाच न्हाई. तू तिच्या बोटांत बोटं घालून कापूस पिंजायला शिकवलंस, आणि जिच्या गळाला काय लागलं न्हाई तिलाबी असं बोललीस की तिला वाटावं मासाच नशिबानं करंटा.

ऊन चढलं, बायका घरी गेल्या, आपण दोघीच राहिलो. मग तू माझ्या मागं येऊन बसलीस आणि माझ्या हातावर हात ठेवलास. धाटाचा तुकडा हलला. “आत्ता न्हाई,” म्हणालीस. परत हलला. “आत्ता न्हाई.” मला तर वाटत होतं की गेला, गेला. तुझा हात एकदम मऊ होता, जोर कसलाच न्हाई. मग पाण्यावर काय झालं न्हाई, पण दोऱ्यातनं बारीक काहीतरी माझ्या बोटात आलं, आणि तू म्हणायच्या आधीच माझा हात वर गेला. चिलापी. तळहाताएवढी असंल नसंल. माझ्या जन्मातला पहिला मासा.

आणि तू तो मला नदीत सोडायला लावलास. पहिला मासा नदीचा, तुझ्या बाबांची रीत म्हणे. मी किती काकुळतीला आले, तू ऐकलं न्हाईस. सोडला. पण आता तो कुठं असंल, काय करत असंल, ह्याचाच इचार करते, म्हणजे घरी आणून खाल्ला असता तर एका रात्रीत संपला असता.

त्यानंतर तू जे बोललीस ते आधी लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको. मी म्हटलं, बघ, कापसाचं सांगितलं नसतंस तर गोळी टिकलीच नसती. तू पाण्यावरची नजर न काढता म्हणालीस, “अक्का, इतकी वर्षं ही कणीक कोण मळायचं? कापूस कोण पिंजायचं?”

मीच पिंजायचे की.

“रंकाळ्यावर संध्याकाळी मासा येत न्हाई हे तुम्हीच मला शिकवलंय, मी नवी आले तवा. ओढायचं तेवढं तुम्हाला येत न्हवतं, बाकी सगळं येत होतं.”

“मग उत्तरं कशाला पाठवलीस गं?”

“न पाठवून कसं चालंल? तुमचं पत्र बंद झालं असतं न्हवं.”

मला वाटलं मी चुकीचे बेत लिहून गळ टाकून बसलेय आणि तू लागलीस. तू तर पहिल्याच दिवशी बघितलं होतंस आणि मुद्दाम तोंडात धरून बसली होतीस. किती मायाळू, किती डांबरट बाई हायस तू. मी त्या वेळी कणीकच मळत बसले, कारण रडले असते तर नदीकडच्या सगळ्या म्हशी बघायला आल्या असत्या.

आता तू न बघितलेलं सांगते. म्याच बरोबरीत सुटली ते बरं झालं. कोणतरी जिंकला असता तर दुसरा घाटावर आलाच नसता. संध्याकाळी तू पाण्याशी वाकून हात धूत होतीस. वर एका टोकाला भावजी गाडी लावून उभे, दुसऱ्या टोकाला आमचे हे मला न्यायला आलेले. मधे सगळ्या पायऱ्या. तुझ्या दोन रोहूंची बादली माझ्याजवळ. भावजी बादली घ्यायला खाली उतरायला लागले, कठड्याला धरून, एकेक पाय टेकत. ते बघून हे धडाधडा खाली आले, बादली उचलली आणि नदीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, “पायऱ्या उतरू नको म्हणावं त्याला.” आणि बादली वर न्हेऊन गाडीच्या हँडलला अडकवली. भावजींनी हँडल सरळ धरून ठेवलं. मग गाडी सुरू झाल्यावर ह्यांनी मागनं, तू बसलीयस तिथं, पदर चाकात जाईल म्हणून हातानं खूण केली. भावजींनी आरशातनं बघितलं आणि मान हलवली.

मासे तुमच्याकडं गेले. आमच्या घरी वरणभात.

काल दुपारी हे बाहेर गेलते ते पोस्टातनं पाकिटांचा गठ्ठा घेऊन आले आणि गिरणीच्या फळीवर ठेवला. मी म्हटलं, एवढी कशाला? “लागतील,” म्हणाले आणि पट्टा बघायला गेले.

तर आता बेत असा. पुढच्या रविवारी मी रंकाळ्यावर जाणार हाय. भर उन्हात. लालभडक साडी नेसून, बोटाएवढा गळ घेऊन. त्याला भाकरीचा तुकडा लावणार, वर ठेचा. मोनाला गाणी मोठ्यानं लावायला सांगितलीत.

तुला काय म्हणायचं असंल तर म्हण बाई.

संयोगिता